मध्य प्रदेशात आरोग्याचं काम करणारे हात नक्की किती? (आत्याच्या खुब्यावरून निघालेला धागा)

सुदामानगरकर

मंडळी, नमस्कार.

गेल्या महिन्यात इथे इंदूरला आमची आत्या न्हाणीघरात घसरली. वय ८१, खुब्याचं हाड मोडलं. एकशेआठ बोलावली आणि एका सरकारी रुग्णालयात नेलं. नाव लिहीत नाही, प्रतिसादातही कुणी अंदाज बांधू नका, आम्हाला अजून तिथेच जायचंय. पहिले चोवीस तास मी तिच्या पलंगाशी होतो. झोप येईना, मोबाइलची बॅटरी संपलेली. नोकरी सगळी सांख्यिकी खात्यात गेली, त्यामुळे हाताशी कागद आला की मी रकाने पाडतो. पर्चीच्या मागच्या बाजूला लिहायला लागलो, आज आत्याचं काम कोणाकोणाच्या हातून झालं.

गाडीचा ड्रायव्हर आणि त्याच्यासोबतचा ईएमटी, म्हणजे गाडीत प्रथमोपचार करणारा. कॅज्युअल्टीत स्ट्रेचर ओढणारा वॉर्डबॉय. पर्ची फाडणारी मुलगी. ड्यूटी डॉक्टर. एक्स-रेवाला. पायाला वजन लटकवून देणारा प्लास्टर रूममधला ड्रेसर. रक्त काढणारा मुलगा. तीन पाळ्यांच्या तीन सिस्टर. बीपी घ्यायला पाठवलेल्या दोन नर्सिंगच्या विद्यार्थिनी (दोघींचं बीपी वेगवेगळं आलं, तिसऱ्यांदा सिस्टरने घेतलं). औषधाच्या खिडकीतला फार्मासिस्ट. बेडपॅन देणारी आयाबाई. हाडाचा रेसिडेंट. राउंडला आलेले मोठे सर्जन. भूल देता येईल का ते बघायला आलेल्या डॉक्टरीणबाई. आणि संध्याकाळी डाळ-खिचडीची ट्रॉली ढकलत आलेला माणूस.

एकोणीस झाले. त्यात डॉक्टर चार. मोठे सर्जन पलंगाशी थांबले दीड मिनिट. तक्रार नाही, त्यांच्यामागे अजून तीसेक पलंग होते.

घरी आल्यावर म्हटलं, आपल्या प्रदेशात असे हात एकूण किती ते बघू. तर जिथे जावं तिथे फक्त डॉक्टरांचा आकडा पुढे येतो. २०२२ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं, देशात ८३४ माणसांमागे एक डॉक्टर. हे गणित कसं आहे बघा. नोंदलेले ॲलोपॅथी डॉक्टर १३ लाख ८ हजार. त्यातले ८० टक्के कामावर आहेत असं धरायचं, वर आयुषचे (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) ५ लाख ६५ हजार मिळवायचे. ते ८० टक्के कुणी मोजलेले नाहीत, धरलेले आहेत. कौन्सिलच्या वहीत नाव एकदा चढलं की माणूस अमेरिकेत गेला काय, देवाघरी गेला काय, वही त्याला धरून असते.

दुसरा आकडा सरकारी मंजूर पदांचा. त्यातून रिकामी वजा केली की भरलेली. पण भरलेलं पद म्हणजे हजर माणूस, असं आमच्या खात्यात कुणी शपथेवर सांगितलं नसतं. पगार एका गावच्या केंद्रावर निघतो आणि एएनएम बाई 'अटॅचमेंट'वर जिल्ह्याच्या ठिकाणी असते. कागदावर दोन्हीकडे सगळं ठीक.

मला सगळ्यात प्रामाणिक वाटली ती जनगणना, कारण तिथे माणूस स्वतःच सांगतो मी काय करतो. सुधीर आनंद आणि व्हिक्टोरिया फॅन या दोघांनी २००१ च्या जनगणनेतून देशाचे आरोग्य कर्मचारी मोजले, २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते छापलं. लाख माणसांमागे सगळ्या पॅथींचे मिळून ८० डॉक्टर आणि नर्स-दाया ६१. म्हणजे डॉक्टरांपेक्षा नर्सच कमी! आणि 'मी ॲलोपॅथी डॉक्टर' असं सांगणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांकडे वैद्यकीय शिक्षणच नव्हतं. शहरांत देशाची २८ टक्के वस्ती, तिथे आरोग्य कर्मचारी ५९ टक्के.

इथे बरेच जण या क्षेत्रातले आहेत. आतून हे कसं दिसतं ते लिहा. राजकारण नको.

---

जिरावन

काका, आधी आत्या कशा आहेत ते सांगा.

आणि खिचडीवाला कसा काय धरला? तो कॅन्टीनचा माणूस. असं मोजलं तर रुग्णालयाबाहेरचा पोहेवालाही आरोग्य कर्मचारी. त्याच्यावाचून रेसिडेंट लोक जगणारच नाहीत.

---

सुदामानगरकर

आत्याचं ऑपरेशन झालं, वॉकर घेऊन चालते आणि शेजारणीला रोज नव्याने पडल्याची गोष्ट सांगते.

खिचडीवाल्यावर मी स्वतः दोनदा काट मारली होती. शेवटी ठेवला.

---

मोजपट्टी

काकांनी बरोबर केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या अहवालातली व्याख्या म्हणते, ज्याच्या कामाचा मुख्य हेतू आरोग्य सुधारणं हा आहे तो आरोग्य कर्मचारी. त्या अहवालाने जगातले ५ कोटी ९२ लाख मोजले होते, त्यातले एक तृतीयांश व्यवस्थापन आणि मदतनीस वर्गातले. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला, कारकून, ड्रायव्हर सगळे त्यात. पोहेवाला नाही, कारण त्याचा मुख्य हेतू पोहे हाच आहे.

त्याच अहवालात किमान पातळी धरली होती, दहा हजार लोकांमागे डॉक्टर, नर्स आणि दाया मिळून साधारण २३. २०१६ मध्ये शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांसाठी ती ४४.५ वर नेली. काकांनी दिलेले २००१ चे आकडे बेरजेत १४ होतात. अर्थात तेव्हापासून पुष्कळ भर पडलीय.

---

पुण्यातून_एक

चांगला धागा. एक शंका, तुमच्याकडे एएनएम म्हणतात ती आमच्याकडची आरोग्यसेविका ना? आणि 'पर्ची' म्हणजे केसपेपर?

---

जिरावन

होय आणि होय. आणि लसीला आम्ही टीका म्हणतो, कंत्राटीला संविदा. तीन पिढ्या झाल्या भाऊ, इंदूरची मराठी अशीच असते. सांभाळून घ्या.

---

निवृत्त_सिस्टर

सुदामानगरकर भाऊ, तुमची यादी वाचली आणि लिहायला बसले. ३४ वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. आता आमच्या पोरींना 'नर्सिंग ऑफिसर' म्हणतात. पदनाम छान आहे, पेशंट अजून सिस्टरच म्हणतो.

भारतीय नर्सिंग परिषदेचा नियम असा की शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक. रजेसाठी वर ३० टक्के. मी ज्या वॉर्डात होते (कुठला ते सोडा) तिथे रात्री आम्ही दोघी आणि पलंग साठ. पलंग साठ म्हणजे पेशंट साठ नव्हेत, खाली गाद्या वेगळ्या. आता साठ पेशंटना रात्री दहाची अँटिबायोटिक द्यायची असतील तर शेवटच्याला ती केव्हा मिळते? मी सव्वाआठला सुरुवात करायची आणि साडेअकराला हात धुवायचे. चार्टवर सगळ्यांच्या नावापुढे 'रात्री १०'.

याला खोटं म्हणा, दुसरं काही म्हणा. तिसरा रस्ता नव्हता.

आता तुमच्या यादीतली चूक. हात एकोणीस नाहीत, वीस आहेत. सलाईन संपत आलं की सिस्टरला उठवायला कोण आलं? रक्ताची बाटली घेऊन लॅबपर्यंत कोण पळालं? एक्स-रेच्या टेबलावर आत्याबाईंना उचलताना पायाकडे कोण होतं? तुम्हीच. आमच्या वॉर्डात पेशंटबरोबर अटेंडंट नसला की आम्ही आपसात म्हणायचो, 'आज एक हात कमी.' गर्दीच्या वेळी सगळा वॉर्ड नातेवाइकांवर चालतो. त्यांना पगार नाही, हजेरीपट नाही, झोपायला व्हरांडा. कुठल्या जनगणनेत त्यांना धरणार?

---

सुदामानगरकर

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रक्त घेऊन मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा गेलो कारण पहिल्यांदा नळीवर नाव लिहायचं राहिलं होतं. दुरुस्ती करतो: वीस.

---

लष्करवाला

इंदूरकरांनी विषय काढलाय म्हणून ग्वाल्हेरची हजेरी लावतो. प्रदेशातलं पहिलं मेडिकल कॉलेज आमचं, गजराराजा, १९४६. तुमचं एमजीएम १९४८ चं.

पण मुद्दा वेगळा आहे. १९५५ मध्ये भोपाळ आणि जबलपूर झाली, १९६३ मध्ये रीवा. मग पुढचं सरकारी कॉलेज सागरला, २००९ मध्ये. छेचाळीस वर्षं! या काळात वस्ती कुठल्या कुठे गेली. २०११ च्या जनगणनेत ७ कोटी २६ लाख, तेही छत्तीसगड तुटून गेल्यावर. विदिशा, दतिया, खंडवा, रतलाम ही सगळी २०१८ ची. आज गावात सर्जन नाही म्हणून बोंब मारतो, पण सर्जन तयार व्हायला निदान आठ-नऊ वर्षं लागतात. ऐंशी-नव्वदच्या दशकात पेरलंच नाही ते आज उगवणार कुठून?

---

रामबागी

लष्करवाले दादा, १९४६ मान्य. पण इंदूरला डॉक्टरकी १८७८ पासून शिकवतात. तेव्हा इंदूर मेडिकल स्कूल, नंतर किंग एडवर्ड मेडिकल स्कूल. ती दगडी इमारत अजून एमवाय रुग्णालयाच्या आवारात उभी आहे.

आमचे आजोबा तिथलेच, एल.एम.पी. म्हणजे पदवी नाही, परवाना. शिक्षण एमबीबीएसपेक्षा कमी वर्षांचं, आणि बाहेर पडणारी बरीच मुलं संस्थानी दवाखान्यांत, तालुक्यांत, छावण्यांत जायची. आजोबा धारकडे होते. घोड्यावरून व्हिजिटला जायचे आणि बाळंतपण अडलं की परत यायला दोन दिवस लागायचे. लोखंडी पेटीतली त्यांची चिमट्यांची पिशवी अजून माळ्यावर आहे, आई कुणाला हात लावू देत नाही.

१९४६ मध्ये भोर समितीने सांगितलं की देशात एकाच प्रतीचा डॉक्टर असावा, एमबीबीएस. परवानावाले बंद. समितीतल्याच काही सदस्यांचा याला विरोध होता. मेडिकल स्कूलांची कॉलेजं झाली, आपलं एमजीएम त्यातलंच. प्रत सुधारली हे खरं. पण धारकडे घोड्यावर जाणारा जो गडी होता त्याच्या जागी कोण गेलं? एमबीबीएस झालेला गेला नाही. आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, आम्हाला अर्धवट म्हणून काढलं, आणि तिथे अख्खा कोणी पाठवलाच नाही.

---

खान_नदी

रामबागी, तुमच्या आजोबांच्या जागी कोण गेलं ते मी सांगतो. झोलाछाप गेला, म्हणजे बिनडिग्रीचा डॉक्टर.

२०१२ मध्ये जिष्णू दास आणि सहकाऱ्यांनी दिल्लीत आणि आपल्याच प्रदेशातल्या खेड्यांत केलेला एक अभ्यास छापला. शिकवून तयार केलेले नकली पेशंट दवाखान्यांत पाठवले, एकाच्या छातीत दुखतंय, एकाला दमा, एकाच्या घरी हगवण लागलेलं मूल. ग्रामीण मध्य प्रदेशातल्या उपचार करणाऱ्यांपैकी ६७ टक्क्यांकडे कुठलीच वैद्यकीय पात्रता नव्हती. तपासणी सरासरी ३.६ मिनिटं. म्हणजे सरकार मंजूर पदं मोजत बसतं, आणि खेड्यात खरा जो 'कर्मचारीवर्ग' आहे त्यातले तीनातले दोन वहीतच नाहीत.

यात सरकारचाही हात आहे. १९९५ मध्ये दिग्विजयसिंहांच्या काळात 'जनस्वास्थ्य रक्षक' योजना आली. दहावी झालेला गावातला मुलगा, सहा महिन्यांचं प्रशिक्षण, एक किट. पगार नाही, गावाने सांभाळावं. गावाने कसं सांभाळलं? सुई टोचली की पैसे द्यायचे. आमच्या मामाच्या गावी देवासकडे असा एक होता. बरा माणूस, रात्री उठून यायचा. प्रत्येकाला एक इंजेक्शन आणि एक लाल गोळी. मोठ्या रुग्णालयात न्यायला हवं तेव्हा मात्र सांगायचा नाही, कारण गिऱ्हाईक जायचं.

---

मोजपट्टी

छत्तीसगडने वेगळी वाट धरली. नोव्हेंबर २००० मध्ये वेगळे झाले आणि २००१ मध्येच तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला. वैद्यकीय संघटनांनी खूप आरडाओरडा केला, अभ्यासक्रम थोड्या वर्षांत बंद पडला. पण बाहेर पडलेल्यांना 'रुरल मेडिकल असिस्टंट' म्हणून प्राथमिक केंद्रांवर नेमलं. नंतर के. डी. राव आणि इतरांनी त्यांची एमबीबीएसशी तुलना केली. मलेरिया, हगवण, न्यूमोनिया अशा नेहमीच्या आजारांत ते एमबीबीएसच्या तोडीस तोड निघाले. म्हणजे रामबागींचे आजोबा बरोबर होते.

---

रेसिडेंट_२६_तास

डॉक्टरांच्या बाजूने एक. (ड्यूटी संपली, झोपायच्या आधी लिहितोय, चुका पोटात घाला.)

गावात जात नाहीत, जात नाहीत म्हणून आम्हाला झोडतात. एमबीबीएसनंतर मी बंधपत्राचं एक वर्ष खेड्यात केलं. प्राथमिक केंद्रात मी, एक फार्मासिस्ट, एक सिस्टर. लॅब टेक्निशियनचं पद दोन वर्षं रिकामं. रक्ततपासणीचं सीबीसी मशीन पेटीत बंद. मी बाईचा फिकट चेहरा बघून अ‍ॅनिमिया ओळखायचा, हे १९२० सालीही जमत होतं. डॉक्टर एकटा पाठवून उपयोग शून्य.

वरच्या पातळीवर तर गंमतच. सामुदायिक आरोग्य केंद्रात सर्जन, फिजिशियन, बाई-बाळंतपणाचा तज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ हवा. २०२१-२२ च्या सरकारी ग्रामीण आरोग्य सांख्यिकीत देशभर सर्जनची ८३ टक्के तूट, बालरोगाची ८१ पूर्णांक काही. समजा बाळंतपणाच्या डॉक्टर मिळाल्या. भूलतज्ज्ञ नाही तर सिझेरियन होत नाही. मग त्या काय करतात? पेशंट इंदूरला रेफर. नेमणूक झाली, पद भरलं, आकडा सुधारला, सिझेरियन मात्र होतं तिथेच होतंय. यावर उपाय म्हणून एमबीबीएसना काही महिने भूल शिकवायचा कार्यक्रम आहे. आमचा एक सीनियर तो करून आला आणि त्याला अशा ठिकाणी टाकलं जिथे ऑपरेशन थिएटरच नव्हतं.

झोपतो.

---

जिरावन

रेसिडेंट भिया, झोप आधी. धागा कुठे जात नाही.

---

निमाडी_मुलगी

पहिल्यांदाच लिहितेय. मी बडवानी जिल्ह्यात सीएचओ, म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर आहे. बीएस्सी नर्सिंग, वर सहा महिन्यांचा कोर्स, संविदा. आमचं उपकेंद्र आधी हेल्थ अँड वेलनेस सेंटर झालं, २०२३ च्या शेवटी आयुष्मान आरोग्य मंदिर झालं. पाटी दोनदा बदलली, छप्पर गळतं तिथेच गळतं.

आदिवासी भागात तीन हजार वस्तीला एक उपकेंद्र असा नियम आहे. टीममध्ये मी, एएनएम दीदी, पुरुष आरोग्य कार्यकर्ता (मी आल्यापासून जागा रिकामी), आणि हजार वस्तीमागे एक आशा. हजार हे सपाटीवर ठीक. इथे वस्ती म्हणजे फलिया, टेकडीवर आठ घरं, मग नाला, मग पुढच्या टेकडीवर पाच.

मंगळवार-शुक्रवार टीकाकरण. टीके कोल्ड चेन पॉइंटवरून मोटरसायकलवर येतात. आणणाऱ्याला खेपेवर पैसे, तो कुणाच्याच यादीत नाही, काका, तुमच्या यादीतही त्याला घाला. निळा डबा, आत चार आइसपॅक. दीदी तो खांद्याला लावते आणि आशा पुढे चालते, कारण कुत्री आशाला ओळखतात. बारेली मला आता समजते, बोलता येत नाही. आया मला 'हो' म्हणतात आणि आशाला खरं सांगतात. ज्या बाईने सांगितलं की मागच्या टीक्यानंतर पोराला ताप आला म्हणून या वेळी नको, ते आशाच्या कानात सांगितलं. आशा तिथेच बसली, तिच्या चुलीत लाकूड सारत अर्धा तास सासूच्या गुडघ्यांबद्दल बोलत राहिली, आणि उठताना पोर घेऊनच उठली. हे मला कुठल्या कोर्सात शिकवलं नाही.

त्या आशेला पगार नाही. ती कागदावर 'स्वयंसेविका'. बाळंतपण दवाखान्यात नेलं तर इतके, टीके पूर्ण झाले तर इतके. नेहमीच्या ठराविक कामांचे केंद्राचे हजार होते, २०१८ मध्ये दोन हजार झाले, राज्य वर काही घालतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांना पुरस्कार दिला. आमच्या आशेला मी मोबाइलवर बातमी दाखवली. तिने विचारलं, यात मागच्या तीन महिन्यांचे आहेत का?

आणि आकड्यांचं म्हणाल तर दिवाळीनंतर निम्मी गावं गुजरातला मजुरीला जातात, होळीच्या आधीच्या भगोरियाला परततात. तेवढे महिने वस्ती तीन हजार नसतेच. कागदावर मात्र आमचं टीकाकरण दरमहा तीन हजारांवरच तोललं जातं.

---

निवृत्त_सिस्टर

पोरी, लिहीत जा. आणि गळक्या छपराचा फोटो काढून तारीख घालून ठेव.

---

सुदामानगरकर

निमाडी_मुलगी, मोटरसायकलवाला घातला.

तुमच्यावरून आठवलं. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत मध्य प्रदेशचा बालमृत्युदर हजारी ४३, देशात सगळ्यात जास्त. केरळचा ६. आणि वर जो जनगणनेचा अभ्यास सांगितला त्यात देशाच्या पात्र नर्सपैकी ३८ टक्के एकट्या केरळात होत्या, वस्ती देशाच्या ३ टक्के. एकामुळेच दुसरं असं मी म्हणणार नाही, केरळात मुली शिकल्या, पाणी, रस्ते, बरंच काही आहे. तरी हे दोन आकडे मी शेजारी शेजारी लिहून बराच वेळ बघत बसलो.

---

खान_नदी

आपल्याकडे नर्स कशा तयार होतात ते पण लिहा ना. त्याशिवाय हा धागा अर्धा.

उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने प्रदेशातली नर्सिंग कॉलेजं तपासली. ३०८ पैकी १६९ योग्य, ७३ मध्ये त्रुटी, ६६ अयोग्य. हे २०२४ च्या सुरुवातीचं. मे महिन्यात तपास करणाऱ्यांतलेच काही लाच घेताना पकडले गेले आणि 'योग्य' ठरवलेल्यांची पुन्हा तपासणी करायला लावली. व्यापमं, तो प्रवेश-भरती परीक्षांचा घोटाळा, २०१३ मध्ये इंदूरलाच उघडकीला आला होता, तेव्हा परीक्षेला बसायला दुसरीच मुलं आणत. इथे तर कॉलेजच दुसरं. या भानगडीत मुलींच्या परीक्षा वर्षानुवर्षं लटकल्या. २०२० ला प्रवेश घेतलेली पोरगी चार वर्षांच्या डिग्रीत तीन वर्षं पहिल्याच वर्षात.

---

तुकोगंजची_मावशी

मी हेच विचारायला आलेय. वाचतेय केव्हाची. माझ्या बहिणीची नात बारावी झाली, बीएस्सी नर्सिंगला जायचं म्हणते. एका खाजगी कॉलेजाचा माणूस घरी येऊन गेला. फी कमी सांगतोय, हजेरीचं टेन्शन नाही म्हणतोय. घ्यावा का प्रवेश?

---

निवृत्त_सिस्टर

मावशी, 'हजेरीचं टेन्शन नाही' म्हणाला तिथेच त्याला चहा पाजून वाटेला लावायचं होतं. नर्सिंग हजेरीनेच येतं. पहिली शीर सापडायला मला अकरा पेशंट लागले.

आधी भारतीय नर्सिंग परिषदेच्या आणि प्रदेशाच्या कौन्सिलच्या मान्यता यादीत कॉलेजाचं नाव त्याच वर्षासाठी आहे का ते बघा, मागच्या वर्षाचं चालत नाही. मग विचारा, तुमचं स्वतःचं रुग्णालय कुठे आहे. शंभर खाटांचं लागतं. उत्तर ऐकून घरी यायचं नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, न सांगता त्या रुग्णालयात जायचं. पेशंटचा नातेवाईक म्हणून जा. ओपीडीत रांग आहे का, वॉर्डात नातेवाईक डबे घेऊन बसलेत का, मुली युनिफॉर्ममध्ये काम करताहेत का फोटो काढताहेत.

---

रेसिडेंट_२६_तास

वास पण घ्या मावशी. चालू रुग्णालयाला वास असतो.

---

तुकोगंजची_मावशी

बुधवारी नातीला घेऊन जाते. सांगते इथे.

---

लष्करवाला

वेळ आहे तोवर एक. प्रदेशाने जानेवारी २०२४ मध्ये आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण ही दोन खाती एक केली. आधी माणूस तयार करणारं खातं वेगळं, नेमणारं वेगळं, दोघांचा पत्रव्यवहार. आता फाइल एका मजल्यावर फिरेल. हिंदीतून एमबीबीएसची पुस्तकंही २०२२ मध्ये आली. झाबुआच्या मुलाला त्याचा फायदा होईल का, रेसिडेंट भाऊ?

---

रेसिडेंट_२६_तास

पहिल्या वर्षी नक्की होतो, हिंदी माध्यमातून आलेली मुलं पहिले सहा महिने नुसती भाषांतर करत बसायची. पण आम्ही मांडीच्या हाडाला, फीमरला, फीमरच म्हणतो. पुस्तकातही ते फीमरच आहे, देवनागरीत.

---

तुकोगंजची_मावशी

जाऊन आलो. चार मजली इमारत, वर मोठी पाटी. गेटवरच्या माणसाला म्हटलं पोटात दुखतंय, डॉक्टरांना दाखवायचंय. तो गोंधळला, म्हणाला आज डॉक्टर नाहीत. मी म्हटलं मग बसते, कळ आलीय, आणि आत शिरले. नात मागे. तळमजल्यावर एक हॉल, बावीस पलंग मी मोजले. सगळ्या गाद्यांवर दुकानातून आलं तसंच प्लास्टिक. सलाईनचे स्टँड एका कोपऱ्यात, दोरीने बांधलेले. बोर्डावर नर्सिंग ऑफिसरच्या ड्यूटीचा तक्ता होता, तिन्ही पाळ्या, नावं सगळी भरलेली.

---

निवृत्त_सिस्टर

आणि वास?

---

तुकोगंजची_मावशी

रंगाचा.

नात रिक्षात बसल्यावर म्हणाली, आजी, सरकारी कॉलेजाचा फॉर्म कधी निघतो ते बघ.